सरकारचं गेज, आमचं पेव

सुजाताचा फोन आला तेव्हा मी अंगणात पेपर वाचत बसलो होतो. सुजाता म्हणजे नामदेव वाघमारेची मुलगी, नांदेडला कॉलेजात शिकवते. "काका, बाबा गेले... झोपेतच गेले. तकलीफ झाली न्हाई." एवढंच बोलली. मी "निघतो" म्हणालो आणि फोन ठेवला. आता खरंच लिहायला बसलोय, तर हेही लिहितो, की दुःखाच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. त्याचं एक कारण चारचौघांत सांगण्याजोगं होतं. वर्षभर तो एकेका श्वासासाठी झगडत होता, ते संपलं. दुसरं सांगण्याजोगं नव्हतं. लातूरच्या कारखानदारांत पेवाची जी गोष्ट माझ्या नावानं सांगितली जाते ती खरी नाही, हे जाणणारा शेवटचा माणूस गेला होता. आता 'दोर कोणी धरला' असं मला कोणीही विचारणार नव्हतं. नांदेडची बस अहमदपूर सोडून लोह्याकडं लागेपर्यंत ती सुटका टिकली. पुढं मात्र खिडकीबाहेर बघता बघता माझ्या लक्षात आलं, की विचारणारा गेला आणि प्रश्न माझ्याजवळच राहिला आहे.

नामदेव हदगावकडचा, मी लातूरजवळ औशाच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातला. नांदेडच्या आयटीआयमध्ये आम्ही दोघं टर्नरच्या वर्गात एका लेथवर आलो, तिथून ओळख. तो बौद्ध घरातला, मी कुणबी. पण आमच्यात सगळ्यात मोठा फरक म्हणाल तर कपड्यांचा. त्याच्याकडं दोनच सदरे होते आणि दोन्ही कायम कडक इस्त्रीचे. लेथवर तेल उडायचं म्हणून वर्गात शिरताना तो सदरा काढून खुंटीला टांगायचा आणि बनियनवर काम करायचा. मेल्यावर माणसाला साधाभोळा म्हणायची आपल्याकडं रीत आहे. नामदेव साधाही नव्हता आणि भोळा तर अजिबात नव्हता. त्याला चांगलं दिसायला आवडायचं, कोणी वाखाणलं की आवडायचं, आणि बरोबर ठरायला तर फारच आवडायचं.

त्यातच तो मोठा दुष्काळ आला. सुट्टीत आम्ही दोघंही पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला गेलो. संध्याकाळी मिस्त्री ढीग मोजायला यायचा. पहिल्याच आठवड्यात नामदेवनं त्याला सगळ्यांसमोर अडवलं. "मिस्त्री, टेप ढिला धरून राहिलात तुम्ही." मिस्त्री म्हणाला, "तू इंजिनेर हायेस का?" नामदेव म्हणाला, "न्हाई, पन टेप ढिला हाय." ढीग पुन्हा मोजावा लागला आणि आमचाच हिशेब थोडा कमी भरला. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यानंतर मिस्त्री आमच्या ढिगाकडं आला की लांबूनच टेप ताणून दाखवायचा.

आयटीआयनंतर वाटा वेगळ्या झाल्या. त्याचा थोरला भाऊ लष्करात तोफखान्यात होता. नामदेव संरक्षण खात्याच्या तपासणी विभागात लागला आणि परीक्षा देत देत निरीक्षक झाला. मी दुसऱ्यांच्या वर्कशॉपमध्ये राबत राहिलो. मग लातूर उस्मानाबादपासून तुटून वेगळा जिल्हा झाला. ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना आठवत असेल, पाट्यांवरचा रंग ओला होता, साहेब लोकांना बसायला खुर्च्या पुरत नव्हत्या आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच गोष्ट, आता इथं कारखाने येणार. नव्या वसाहतीत मला शेड मिळालं. कर्जावर दोन जुने लेथ आले. आणि सरकारच्या दारूगोळा कारखान्याचं एक काम मिळालं, तोफगोळ्याच्या टोकाशी जो फ्यूज बसतो त्यातलं ॲल्युमिनियमचं एक कडं. तळहातावर मावेल एवढंच.

हल्ली संरक्षण उत्पादनात सरकार आणि खाजगी उद्योगाच्या भागीदारीवर मोठमोठ्या परिषदा होतात, चकचकीत पुस्तिका निघतात. तेव्हा या गोष्टीला नाव नव्हतं. व्यवहार असा होता, की नकाशा सरकारचा, धातू सरकारचा, मोजायचं गेजही सरकारचं. शेड, लेथ, कारागीर आणि घाम आमचा. दोघांच्या मधे उभा राहणारा निरीक्षक सरकारचा. तो पुण्याहून यायचा, आठवडाभर राहायचा, कडी तपासायचा आणि ठीक असली तर "पाठवा" म्हणायचा. 'पास' हा शब्द तो वापरत नसे. हा निरीक्षक म्हणून पहिल्या दिवशी एस.टी. स्टँडवर नामदेवच उतरला. इस्त्रीचा सदरा, हातात गेजची लाकडी पेटी. मी मिठीच मारायला गेलो, तर म्हणाला, "पाटील, मिठी मारली म्हनून कडं सोडनार न्हाई. माझ्या भावाच्या हातात जायचंय ते." मी पाटील नाही. पण तो मला आयुष्यभर पाटीलच म्हणाला, चिडवायला.

पहिला माल इथं उत्तम उतरला आणि कारखान्यातून सगळा परत आला. कडं गेजमध्ये ढिलं. मला वाटलं संपलं. कर्ज डोक्यावर, आठ-दहा घरं माझ्या शेडवर चाललेली, आणि पुन्हा एकदा पावसानं दगा दिलेला. नामदेव आला, शेडच्या मधोमध उभा राहिला, वर पत्र्याकडं बघितलं. एप्रिलचं ऊन होतं, पत्रा तापून कडकड वाजत होता. त्यानं लेथवरून नुकतंच उतरलेलं कडं मोजलं, मग तेच कडं पाण्याच्या माठावर तासभर ठेवून पुन्हा मोजलं आणि हसायला लागला. "पाटील, तुझं कडं नापास न्हाई. तुझा उन्हाळा नापास हाय." ॲल्युमिनियम उन्हात पोलादापेक्षा जास्त फुगतं. आमच्या भट्टीसारख्या शेडमध्ये बरोबर भरलेलं कडं कारखान्याच्या गार खोलीत जाऊन आकसत होतं. मोजायची जागा गार पाहिजे, आणि कडं व गेज दोन्ही रात्रभर तिथंच मुरली पाहिजेत, हा त्यावरचा उपाय. माणसाचा हातसुद्धा गरम. म्हणून नामदेव कडं उचलण्याआधी दोन्ही तळवे माठाला लावायचा, पुसायचा आणि मगच हात घालायचा.

शेडच्या कोपऱ्यात विटांची खोली घातली, वाळ्याचा मोठा कूलर लावला. पण कूलरला पाणी लागतं, आणि वसाहतीत टँकर यायचा तो दिवसाआड. आजूबाजूच्या वस्तीतल्या बायका घागरी घेऊन आमच्याच फाटकाशी रांगेला असायच्या. एक दिवस मी पाइप कूलरच्या टाकीत सोडला, तेव्हा रांगेतली एक बाई मोठ्यानं म्हणाली, "मान्साला घोटभर न्हाई, अन् ह्यांचं लोखंड गार हवा खाऊन राहिलंय!" रांग हसली. मी मान खाली घातली. नामदेव आत तपासत होता. तो बाहेर आला, पाइप टाकीतून काढला आणि त्या बाईच्या घागरीत सोडला. मग मला म्हणाला, "मावशी बरोबर हाय. दुसरं काहीतरी बघ." मी चिडलो. म्हणालो, सरकारी पगारावर दानशूर होणं सोपं आहे, माझं काम जाईल त्याचं काय? तो म्हणाला, "म्हनूनच म्हनतो, बघ."

बघितलं त्यानंच. दुसऱ्या दिवशी चहा पिताना त्यानं विचारलं, "तुमच्या गावात पेव हाय का रे?" ज्यांनी पेव पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, ते म्हणजे जमिनीत खोल खणलेलं ज्वारीचं कोठार. वर माणूस जेमतेम मावेल एवढं तोंड, आत घराएवढी पोकळी. बाहेर कितीही ऊन असो, आत हवा एकसारखी गार. आमच्या वाड्यामागं होतं, आणि दोन वर्षं ज्वारी पिकली नव्हती म्हणून रिकामं होतं. नामदेव म्हणाला, "मग झालं. दुष्काळानंच खोली खाली करून दिलीय." मी विषय बदलला. कारण आमच्या घरी नामदेव यायचा तो ओसरीपर्यंत. चहा मिळायचा, जेवणही मिळायचं, पण त्याचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा. शेडवर आम्ही एका डब्यात जेवायचो, गावात गेलो की मी त्या कपाकडं न बघण्याची सवय लावून घेतली होती. आणि पेव म्हणजे घराचं अन्न. आबा, म्हणजे माझे वडील, त्याला पेवात उतरू देतील असं मला वाटलं नाही. मी विचारलंही नाही. आबा बहिणीकडं लग्नाला गेले, तो मोका साधून आम्ही पेवाचं तोंड उघडलं.

आता गोष्ट जशी घडली तशी सांगतो. बंद पेवात वाईट हवा साचते, सरळ उतरलेला माणूस वर येत नाही. नामदेवनं पेटता कंदील दोराला बांधून खाली सोडला. अर्ध्यात ज्योत बारीक झाली आणि विझली. तो दिवस तोंड उघडं ठेवलं, वारा लागावा म्हणून कडब्याच्या पेंढ्या वरखाली केल्या. दुसऱ्या दिवशी कंदील तळाशी जाऊन जळत राहिला. तेव्हा तो म्हणाला, "चल, कोन उतरतंय?" आणि माझ्याकडं बघितलं. मी लहानपणी त्या पेवात वाकून बघताना तोल जाता जाता वाचलो होतो, तेव्हापासून मला त्या काळ्या तोंडाची भीती. मी नुसता उभा राहिलो. त्यानं सदरा काढला, घडी घातली, माझ्या खांद्यावर ठेवला आणि कमरेला दोर बांधला. दोर मी धरला.

तो खाली गेला. मी कड्यांची पेटी सोडली, गेज सोडलं, लहानसा माठ सोडला. रात्रभर माल तिथंच राहिला. सकाळी ऊन चढायच्या आत तो बॅटरी घेऊन पुन्हा उतरला आणि थोड्या वेळानं खालून आवाज येईना. मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. ओढू की नको कळेना, दोर हातात इतका घट्ट धरला की तळहातावर फोड आले. मी ओरडलो, "नामदेवा!" आणि खालून घुमत आवाज आला, "बोंबलू नको, माप चुकतंय!"... आजही ते आठवलं की हसू येतं, आणि हसता हसता डोळे भरतात.

पेवात कडं किती आकसतं ते त्यानं ठरवलं, त्या हिशेबानं लेथवर केसभर जास्त ठेवायला सांगितलं. नवा माल पुन्हा पेवात मुरवला, पुन्हा उतरून एकेक कडं तपासलं. मग वर येऊन मातीनं भरलेले हात झटकत "पाठवा" म्हणाला. तो माल परत आला नाही. पावसाळा लागेपर्यंत शेडवर तात्पुरती सोय म्हणून आम्ही तसलंच एक तळघर खणलं, पुढं कूलरला पाणी मिळालं, आणखी पुढं एसी आला. माझा कारखाना उभा राहिला तो त्या उन्हाळ्यावर.

आणि मग माझा खोटेपणा. आधी मी म्हणायचो, की नामदेवचं नाव घेतलं तर त्याच्या नोकरीला बाधा येईल. निरीक्षकानं तपासायचं असतं, कारखानदाराला वाट दाखवायची नसते. यात तथ्य होतंही, आणि घरी आबांना कळेल ही भीतीही होती. पण कोणी विचारलं, पेवाची कल्पना कोणाची, तर मी "घरचीच" म्हणू लागलो. आणि उतरलं कोण, तर "मीच". दर खेपेला गोष्ट थोडी गुळगुळीत होत गेली, लेथवरच्या कामासारखी. बऱ्याच वर्षांनी लातूरला उद्योजकांचा सत्कार झाला. नामदेव तेव्हा निवृत्तीला टेकला होता, खास पुण्याहून आला, नवाकोरा सदरा घालून तिसऱ्या रांगेत बसला. मी भाषणात सगळं सांगितलं. कंदील, दोर, अंधार, गार हवा. फक्त त्यात मी एकटाच होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नामदेवनंही वाजवल्या. नंतर गर्दीत माझ्या गळ्यातल्या हाराकडं बघत म्हणाला, "भाषण झ्याक झालं पाटील. पन एक सांग, तू एकटाच उतरलास तर वर दोर कोनी धरला?"

मी हसण्यावारी नेलं. तो जेवायला थांबला नाही. त्यानंतर कित्येक महिने त्याचा फोन आला नाही. त्याला नाव हवं होतं, आणि हवं असण्यात काही गैर नव्हतं. ते त्याचंच होतं. पुढं बोलणं सुरू झालं तरी फोनवर "हॅलो" ऐवजी तो म्हणायचा, "काय मग, दोर कोनी धरला?"

त्याच सत्काराच्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट घडली, ती मी आजवर कोणाला सांगितली नाही. आबा तेव्हा खूप थकले होते, खाटेवरून उठत नव्हते. कोणीतरी त्यांना भाषणाबद्दल सांगितलं असावं. मी पाया पडायला गेलो तर म्हणाले, "दिगू, तू पेवात उतरलास म्हनं?" मी हो म्हणालो. "कवा रं? तुला तर पेवाची भ्या." मी त्यांच्या खाटेवरची चादर नीट करू लागलो. "त्यो वाघमारे उतरला आसंल. लग्नाहून आलो तवाच वळखलं व्हतं म्या. पेवाचं तोंड लिंपलेलं नीट दिसलं. तुला लिंपता येत न्हाई." मी विचारलं, "मग बोलला का नाही आबा? तुम्ही नाही म्हणाला असता?" ते आढ्याकडं बघत म्हणाले, "म्हनलो आस्तो. तवा म्हनलो आस्तो... पन तू इचारायला पायजे व्हतं. मागून त्याच पेवातली ज्वारी खाल्लीच की आपुन." त्या वर्षापासून खिडकीतला तो वेगळा कप दिसेनासा झाला होता, हे मला तेव्हा आठवलं. मला वाटलं होतं, फुटला असेल.

म्हणजे ज्यांच्या भीतीनं मी नाव लपवलं म्हणत होतो, त्यांना सगळं माहीत होतं. लवकरच नामदेव निवृत्त झाला, नोकरीचीही सबब उरली नाही. तरीही मी पुढची सगळी वर्षं बोललो नाही. त्याला एकच कारण होतं. लोक ती गोष्ट ऐकताना माझ्याकडं ज्या नजरेनं बघायचे, ती नजर मला सोडवत नव्हती.

या उन्हाळ्याआधी मी त्याला भेटायला नांदेडला गेलो. तो ओट्यावर खुर्चीत बसलेला, नाकाला नळी, अंगात इस्त्रीचा सदरा. शेजारी तिवईवर माठ. नोकरी सुटून इतकी वर्षं झाली तरी कशालाही हात लावण्याआधी, चष्मा असो की नातवाचा गाल, तळवे माठाला लावायची सवय गेली नव्हती. मी म्हणालो, "नामदेवा, मी पेपरात लिहिणार आहे. सगळं." तो हसला, हसता हसता खोकला, सुजाता पाणी घेऊन धावत आली. दम परत आल्यावर म्हणाला, "लिही. पन आधी मला दाखव, तपासल्याबिगर जाऊ देनार न्हाई. अन् दोर तू धरला व्हता ते बी लिही. हाताला फोड आले व्हते तुझ्या. ते गाळलं तर मंग माझीच गोष्ट खोटी व्हईल." इतकी वर्षं तो मला तेच विचारत होता, आणि मी समजत होतो की तो मला टोचतोय. टोचत होताच. पण वर उभा असलेला माणूसही त्याला त्या गोष्टीत हवा होता, हे मला त्या दिवशी कळलं.

मी लिहायला उशीर लावला आणि तो काही तोवर थांबला नाही. म्हणून परवा लिहिलेली पानं घेऊन मी नांदेडला सुजाताकडं गेलो. ओट्यावर खुर्ची तशीच होती, माठही भरलेला. मी पानं पुढं केली. तिनं दोन्ही तळवे माठाला लावले, पदराला पुसले आणि मग पानं घेतली. आपण काय केलं हे तिच्या लक्षातही आलं नसावं. मी समोर बसून राहिलो, पत्रा तापलेल्या शेडमध्ये नामदेव गेज लावायचा तेव्हा बसायचो तसा. शेवटच्या पानावर ती थांबली.

"काका, हे एक वाक्य न्हाई चालणार. 'नामदेवनं मला केव्हाच माफ केलं होतं.' असं बाबा कधी म्हणाले तुम्हाला?"

"नाही... म्हणाला नाही. हसला होता."

"मग तेवढंच लिहा की. हसले होते म्हणून."

मी तिथंच पेन काढून ते वाक्य खोडलं. मला वाटलं होतं ते गेल्यावर लेखात काही उरणार नाही, पण उलट झालं. छातीवरचं ओझं कोणीतरी उचलून खाली ठेवावं तसं वाटलं. फोन आला त्या दिवशी वाटली होती तशी ही सुटका नव्हती. "आणि बाकीचं?" मी विचारलं.

"बाकीचं पाठवा," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

मी एकटाच ओट्यावर होतो. रस्त्यावरून ऑटो जात होते, ऊन भिंतीवर चढलं होतं. मी खुर्चीजवळ सरकलो आणि दोन्ही तळवे माठाला लावले. हाताच्या जागी माती झिजून गुळगुळीत झाली होती. गार होती. चहा येईपर्यंत मी हात काढले नाहीत.